बाबांच्या नावची बारा बोअर बंदूक माझ्या नावावर करून घेऊ, की जमा करून मोकळा होऊ?

पारव्याकडचा कास्तकार

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुका, पारव्याकडचं गाव. नऊ एकर वावर, त्यातलं चार एकर जंगलाला चिकटून, मधात फक्त एक नाला. तूर, पऱ्हाटी, पाणी पुरलं तर हरभरा. टिपेश्वर अभयारण्य जवळ आहे, म्हणजे रोही (नीलगाय) आणि डुकरांचं वेगळं सांगायला नको.

बाबांच्या नावावर पीक संरक्षणाची बंदूक आहे. एकनळी, बारा बोअर, १९८६ चा परवाना. बाबा आता ७४ वर्षांचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं बाकी आहे, आणि कानाशी जाऊन बोललं तरच ऐकू येतं. दोन वर्षांपासून बंदूक बैठकीतल्या खुंटीवर लटकून आहे, काडतुसं देवळीत बिस्किटाच्या डब्यात. आता नूतनीकरणाची तारीख जवळ आली आणि घरात रोज तोच विषय. बाबा म्हणतात, "माह्यानं होत नाई तं तुह्या नावावर कर. घरात बंदूक हाये म्हून डुक्कर धुऱ्यापाशी थांबते." बायको म्हणते, सात वर्षांचं पोरगं त्या खुंटीकडे बोट करून ठो-ठो करत फिरते, आधी ती घराबाहेर काढा.

मला स्वतःला ठरवता येत नाही. २०२४ मध्ये लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा, दोन्ही वेळा बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. नोव्हेंबरात हरभरा नुकता वर आलेला, डुकरांनी ओळीच्या ओळी नाकाडानं उलथून टाकल्या, आणि बंदूक ठाण्यात. म्हणजे कामाच्या वेळी नसायचीच, तर ठेवून करायचं काय, असंही वाटते.

विचारायचं हे की बाबा हयात असताना परवाना माझ्या नावावर होतो का? जागलीला मी रोज जाऊ शकत नाही, तर सालगड्याच्या हाती बंदूक दिली तर चालते का? गावात सगळेच देतात. आणि लेकराच्या घरात ठेवायची तर कशी? ज्यांच्याकडे खरोखर आहे त्यांनी सांगा. "विकून टाक" एवढंच लिहायचं असेल तर ते बायको रोज सांगतेच.

झटकावाला, दारव्हा

तरी मी तेच लिहितो भाऊ, जमा करा. आम्ही झटका मशीन बसवलं, कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं, सोलर प्लेटवर. तुमच्यासारख्या जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत ७५ टक्के किंवा १५ हजार, जे कमी असेल ते अनुदान आहे. गाव यादीत आहे का ते वनरक्षकाला विचारा. तारेला गवत टेकलं की झटका मरतो, त्यामुळे पावसाळ्यात तणनाशक नाहीतर विळा घेऊन तारेखालून फिरावंच लागते, तेवढी मेहनत आहे. पण रात्री झोप लागते. आणि आवाजच पाहिजे असेल तर पाइपची कार्बाइडवाली बंदूक करा, दीड-दोनशे रुपयांत होते, लायसन नको, काही नको.

कारभारीण, पाटणबोरी

माझ्या स्वतःच्या नावावर परवाना आहे म्हणून लिहिते.

झटकावाले भाऊ, मशीनचं बरोबर बोललात, ती पाइपची गोष्ट मात्र कोणाला सांगू नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याच पाइपनं किती पोरांचे डोळे गेले ते टीव्हीवर पाहिलं ना? वाजली नाही म्हणून पोरगं पाइपात डोकावते आणि तेव्हाच ती वाजते.

आता पारव्याच्या दादाचं. आमचे मालक वारले तेव्हा तेरवीच्या आधी मी दिराला सोबत घेऊन बंदूक ठाण्यात जमा केली आणि पावती घेतली. परवाना माणसाच्या नावचा असतो. माणूस गेला की घरात राहिलेली बंदूक विनापरवाना झाली, आणि विनापरवाना बंदुकीला २०१९ पासून कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. पुढे वारस म्हणून माझ्या नावासाठी कागद घेऊन फिरले, तर एका टेबलावरचे म्हणाले, "ताई, पोराच्या नावानं करा ना, तुम्ही काय चालवणार?" पोरगा पुण्याला कंपनीत. तो काय हिंजवडीतून डुकरं हाकलणार?

बाबा हयात असताना तुमच्या नावावर होते. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ पाहा: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्यानं २५ वर्षं बंदूक बाळगली, की त्याला वारस सुचवता येतो. तुमच्या बाबांचं दोन्हीत बसते. बहीण-भाऊ असतील तर त्यांची ना-हरकत आधीच लिहून घ्या, कागद तिथंच अडतो. बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागते, ते सगळ्यात आधी करा. परवाना आता पाच वर्षांसाठी मिळतो, पूर्वी तीनच होती.

अर्जात नुसतं "पीक संरक्षणासाठी" लिहून भागत नाही. कायद्यात पीक संरक्षणाला मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच बारा बोअर. म्हणून हरभऱ्याच्या नुकसानीचा वनखात्याकडे अर्ज केला असेल, पंचनामा झाला असेल, तर त्याच्या नकला जोडा. केला नसेल तर तोही एक तोटाच. आपण डुकराला रात्रभर शिव्या घालतो आणि सकाळी अर्ज लिहायचा कंटाळा करतो.

आणि तुमच्या गावाला आणखी एक आहे, जे पुष्कळांना माहीतच नसते. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकानं वनखात्याकडे नाव नोंदवायचं असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना वनखात्याच्या सहमतीशिवाय देता येत नाही. टिपेश्वर अभयारण्य झालं १९९७ ला, तुमची बंदूक १९८६ ची. म्हणजे बाबांनी तेव्हा नोंद केली होती का, तो कागद पेटीत शोधा. वारसाच्या अर्जालाही ते सहमती मागतील असं धरून वेळ काढा. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी सुरुवात करा.

सालगड्याच्या हाती अजिबात देऊ नका. तुम्ही सोबत असताना तुमच्यासाठी त्यानं नुसती उचलून धरली तर गोष्ट वेगळी. एकटा मचाणावर बंदूक घेऊन बसला आणि सापडला तर गुन्हा त्या गरिबावर आणि तुमच्यावरही. गावात सगळे देतात हे खरं आहे. आमच्या शिवारातही देतात. त्यातला एक जण अजून कोर्टाच्या तारखा करतो आहे, आणि ज्याची बंदूक होती तो त्याला जायचं भाडंही देत नाही.

आता बाबा म्हणतात डुक्कर धुऱ्यापाशी थांबते. बाबांना नमस्कार सांगा, पण डुकराला परवाना वाचता येत नाही. ते थांबते आवाजानं, आणि चार रात्री आवाज झाला की पाचव्या रात्री त्यालाही समजते की नुसता आवाजच आहे. मारायचं म्हणाल तर बंदुकीचा परवाना हा मारायचा परवाना नव्हे. डुकराला किंवा रोह्याला मारायला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि मेलेलं जनावर सरकारजमा होते. घरी आणून रस्सा केला की शिकारीचा गुन्हा. पण कायद्याच्या आधी माझं साधं कारण असं: अंधारात डुक्कर जागेवर मरत नाही, जखमी होऊन तुरीत घुसते. सकाळी त्या तुरीला लागून कापूस वेचायला कोण जाते? बाया जातात. मी माझ्या वेचणाऱ्या बायांसमोर जखमी डुक्कर सोडणार नाही.

त्यामुळे मी आवाजापुरतीच चालवते, बारीक छर्ऱ्याचं काडतूस घालून. एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्याचं काडतूस, घरात ठेवतच नाही. एलजीचा दाणा अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जातो, आणि तेवढ्या अंतरात आमच्याकडे दुसऱ्याचं वावर आणि दुसऱ्याचा जागल्या असतो. बार काढायच्या आधी मी शेजारच्या दोन्ही वावरांत फोन लावते, "कुठं बसले आहात?" ते बॅटरी वर करून दाखवतात. दोघांची बॅटरी दिसल्याशिवाय काडतूस नळीत जात नाही. तूर हलली म्हणून बार काढणारा माणूस मला सांगूच नका. तूर हलवायला डुक्करच लागते असं नाही, परसाकडला बसलेला माणूसही हलवतो. जमिनीच्या रोखानं नको, मुरमाड वावरात छर्रा दगडावरून उसळतो. नळी वर, आपल्याच मोकळ्या वावराच्या बाजूला. धुरा (बांध) किंवा नाला ओलांडायचा तर बंदूक मोडून, म्हणजे नळी वाकवून, काडतूस खिशात. मग पाय घसरला तरी फक्त लुगडं भरते.

घरातलं. खुंटीवरून ती आजच उतरवा, हे वाचून झालं की. एकनळीचं एक बरं असते, तिचे तीन तुकडे होतात. नळीखालचं पुढचं लाकूड ओढलं की निघते, मग वरचा खटका दाबून नळी वाकवली की ती बिजागरीतून सुटून हातात येते, मागे राहतो दस्ता. माझी नळी आणि दस्ता लोखंडी कपाटात, कपडा तेलात पुसून, पावसाळ्यात चामड्याच्या खोळीत नाही, खोळ ओल धरते आणि नळी गंजते. पुढचं लाकूड दुसऱ्या खोलीत माझ्या पेटीत. ते बोटभर जाड, वीतभर लांब लाकूड नसलं की बाकीची बंदूक नीट जोडली जात नाही. काडतुसं तिसरीकडे, त्यांचं कुलूप वेगळं. किल्ली देव्हाऱ्यात ठेवू नका, घरातल्या लेकराला देव्हाऱ्यातलं सगळं माहीत असते. पोरावर ओरडूही नका. एकदा तुम्ही स्वतः समोर बसवून, रिकामी असल्याची खात्री दाखवून, दाखवून टाका. लपवलेल्या वस्तूचा त्याला जास्त नाद लागतो.

भाचे-पुतणे लग्नात मागतील, हळदीला दोन बार काढू म्हणतील, रील करू म्हणतील. हौशीच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं २०१९ पासून कायद्यातच आलं आहे. तेवढं सांगितलं की भाचे आपोआप डीजेकडे वळतात.

आणखी एक लिहू की नको असं झालं होतं, पण आपला यवतमाळ जिल्हा आहे म्हणून लिहिते. ज्या वर्षी घरात कोणाचं मन ठिकाणावर नसेल, नापिकी असो, कर्ज असो, दारू असो, भांडण असो, त्या वर्षी बंदूक घरात नको. परवानाधारक दुकानदार ठेवून घेतो, त्याचं भाडं घेतो, पावती देतो. ठाण्यातही ठेवता येते. मालक गेल्यावर माझी बंदूक वर्षभर बाहेर होती. कागद व्हायला तेवढा वेळ लागला हे खरं, पण कागद लवकर झाले असते तरी मी ती आणली नसती.

पारव्याकडचा कास्तकार

ताई, आधी खुंटीवरून उतरवली, मग हे लिहायला बसलो. पेटीत पांढरकवड्याच्या वन्यजीव कार्यालयाचा जुना शिक्का असलेला कागद सापडला, तो नोंदीचाच असावा, उद्या जाऊन दाखवतो. बाबा म्हणतात, "मी नोंद केल्ती, मले विचाराचं ना." आता ऐकू येते त्यांना!

पुढचं लाकूड ओढून पाहिलं, निघत नाही. जाम बसलं आहे. स्क्रूड्रायव्हर घालू का? आणि डब्यात अकरा काडतुसं आहेत. सहा प्लास्टिकची, पाच जुनी कागदी, त्यांच्या पितळेवर हिरवं चढलं आहे. निदान ती वावरात वाजवून संपवून टाकू का?

फौजी, आर्णी

थांबा! स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. पहिलं काम, नळी वाकवून आत काडतूस नाही हे डोळ्यानं पाहा, मग बोट घालून पाहा. दोन वर्षं भिंतीवर असलेली बंदूक रिकामी आहे असं बाबा म्हणत असतील, तुम्ही म्हणत असाल, मी मानणार नाही. पलटणीत आम्हाला पहिल्या दिवशी हेच घोटून घेतलं होतं आणि शेवटच्या दिवशीही तेच.

मग मागच्या बाजूनं नळीतून उजेडाकडे पाहा. पैज लावतो, आत काहीतरी दिसेल. खुंटीवरच्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. तेवढं चिमूटभर मातीचं बूच असलं आणि बार काढला, तर छर्रा पुढे जायला वाट नसते आणि नळी फाटते, ती बहुतेक बूच असते तिथंच. नळी चकचकीत आरशासारखी दिसली पाहिजे. काळे ठिपके, खड्डे, फुगवटा काही दिसलं तर बार विसरा आणि परवानाधारक दुकानातल्या कारागिराला दाखवा. जाम झालेलं लाकूडही तोच काढेल. घरी ठोकाठोकी केली तर लाकूड तडकते.

हिरवी चढलेली काडतुसं वाजवायची नाहीत. कागदी काडतूस ओलीनं फुगते, नळीत अडकते, किंवा घोडा पडूनही लगेच फुटत नाही. कधी असा ठिसका झालाच, तर नळी तशीच मोकळ्या दिशेला धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, लगेच वाकवायची नाही. उशिरा पेटणारं काडतूस हातात फुटते. ती पाच फोडू नका, चुलीत टाकू नका, विहिरीत टाकू नका. दुकानदाराकडे किंवा ठाण्यात द्या आणि दिल्याची पावती परवान्यासोबत जपून ठेवा. बाकीच्या सहांवरही बोअरचा आकडा वाचा. कोणाच्या वीस बोअरचं एखादं चुकून डब्यात आलं असलं, तर ते बारा बोअरच्या नळीत आत सरकून बसते, मागून पाहणाऱ्याला नळी रिकामी वाटते, तो दुसरं काडतूस घालतो, आणि मग बंदूकही जाते आणि हातही. वीस बोअरचं बहुतेक पिवळं असते, पण रंगावर जाऊ नका, आकडाच वाचा.

निवडणुकीचं तुम्ही लिहिलं आहे त्यावर. सरसकट सगळ्यांनी जमा करायची असं नसते. छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, दंगलीत नाव आलेले, अशांची प्रकरणं ती पाहते, आणि मुंबई उच्च न्यायालयानंही सरसकट आदेश देऊ नका असं म्हटलेलं आहे. पुढच्या वेळी हंगामाचं कारण देऊन सूट मिळावी असा लेखी अर्ज करा, पोच घ्या. नाकारला तर मुकाट्यानं जमा करा, ठाणेदाराशी वाद घालून नूतनीकरणाच्या वेळी फायदा नाही.

कारभारीणबाईंशी एकच मतभेद. पोराला दाखवून टाका म्हणाल्या, ते सात वर्षांच्या पोराला नको. दहा-बारा वर्षांचा होऊ द्या.

कारभारीण, पाटणबोरी

फौजी भाऊ, तुमचं पोर सात वर्षांचं असताना तुम्ही पलटणीत होता. वहिनींना विचारा, त्या वयात त्याला कपाटातलं काय काय माहीत होतं. बाकी कुंभारमाशीचं मला सुचलं नव्हतं, आमची कपाटात असते म्हणून. उद्या तरीही पाहते.

दादा, दुकानात बंदूक आणि काडतुसं नेताना बाबांनाच सोबत घ्या, मूळ परवाना त्यांच्या खिशात. त्यांना जमणार नसेल तर बंदूक दुरुस्तीला नेतो आहे असं त्यांच्या सहीचं पत्र लागेल. बंदूक मोडलेली, काडतुसं वेगळ्या पिशवीत. एसटीनं जाऊ नका, कोणाची तरी गाडी पाहा.

पारव्याकडचा कास्तकार

नळी वाकवून पाहिली. काडतूस नव्हतं. माती आहे, तोंडापासून चार बोटं आत. फोटो काढला पण इथं टाकत नाही, बायकोनं पाहिला तर संपलं. सोमवारी मेव्हण्याची गाडी येते आहे, बाबाही येतो म्हणतात, पण म्हणतात दुकानात मीच बोलीन. प्रशिक्षणाचं ठाण्यात विचारलं, पुढची तुकडी कधी ते कळवतो म्हणाले. तोवर झटकावाल्या भाऊंना विचारतो, चार एकराला प्लेट केवढी लागते आणि नाल्याच्या बाजूनं तार कशी नेली?

झटकावाला, दारव्हा

फोन करा, नंबर मेसेजमध्ये टाकतो. नाल्याच्या बाजूनं खांब जवळ जवळ घ्यावे लागतात आणि खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा, डुक्कर खालून घुसते. आणि घरच्या लाइनचा करंट तारेत सोडायचा विचार कोणी डोक्यात घातला तर त्याला हाकलून द्या. आमच्या बाजूला त्यानं बैलही गेला आणि बैलाला सोडवायला धावलेला माणूसही.